कुलगुरू न झालेला विद्यापीठकर्ता

आपल्या स्मरणिकेत दरवर्षी थोर व्यक्तींची ओळख करून दिली जाते. बहुतेक व्यक्ती आपल्या मातीतल्या असतात, आणि ते योग्यच आहे. यंदा मी एक परदेशी माणूस निवडला आहे. ज्या '१०+२+३' च्या चौकटीत आपल्यापैकी बहुतेकांची मुले शिकली, ती चौकट देशाला देणाऱ्या कोठारी आयोगाची सभासद-यादी कधी नजरेखालून घातली तर त्यात एक नाव चटकन खटकते. अध्यक्ष दौलतसिंह कोठारी. सदस्य-सचिव आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातील बहिरेवाडीचे जे. पी. नाईक, धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठातील शिक्षणशास्त्र विभागाच्या प्रमुख कु. पाणंदीकर, आणि या शिक्षणतज्ज्ञांच्या मेळ्यात अमेरिकेचे रॉजर रेव्हेल. हे गृहस्थ मूळचे समुद्रशास्त्रज्ञ. समुद्राच्या तळाचा चिखल तपासणाऱ्या माणसाला भारतातील शाळा-कॉलेजांचा विचार करायला कोणी आणि का बोलावले असेल, हा प्रश्न मला पडला. त्याचे उत्तर शोधताना जे हाती लागले ते येथे मांडतो.

रेव्हेल यांचा जन्म ७ मार्च १९०९ चा, सिएटलचा. कॉलेजात भूगर्भशास्त्र घेतले आणि १९३१ मध्ये सॅन डिएगोजवळ ला होया येथील स्क्रिप्स समुद्रविज्ञान संस्थेत संशोधनासाठी दाखल झाले. ही संस्था १९०३ ची, आणि १९१२ पासून कॅलिफोर्निया विद्यापीठाचा भाग. 'कार्नेगी' नावाचे एक संशोधन जहाज १९२९ मध्ये सामोआ बेटावर स्फोट होऊन जळाले. त्याने त्याआधी पॅसिफिकच्या तळातून काढून पाठवलेले चिखलाचे नमुने तेवढे शिल्लक होते. ते नमुने या तरुणाच्या हाती पडले. त्यावर काम करून १९३६ मध्ये डॉक्टरेट मिळाली. त्या चिखलाच्या निमित्ताने समुद्रातील चुना, कार्बोनेट आणि कार्बन डायऑक्साइड यांच्या हिशेबाशी जी ओळख झाली ती पुढे वीस वर्षांनी कामी आली.

युद्धकाळ नौदलात गेला. १९४६ मध्ये बिकिनी बेटावर अणुबाँबच्या चाचण्या झाल्या, तेव्हा पाण्यावर व जीवसृष्टीवर होणारे परिणाम तपासण्याच्या कामाची आखणी त्यांच्याकडे होती. नौदलाच्या संशोधन कार्यालयातही त्यांनी काम केले. पैसा कोठे असतो, तो कोणाच्या सहीने सुटतो आणि शास्त्रज्ञाची भाषा ॲडमिरलला कशी समजावून सांगायची, हे ते तेथे शिकले. कोणत्याही सरकारी खात्यात उमर घालवलेल्या माणसाला या शिक्षणाची किंमत सांगायला नको.

स्क्रिप्समध्ये परतल्यावर १९५० मध्ये ते प्रभारी संचालक झाले आणि पुढच्या वर्षी कायम. त्यांच्या नेमणुकीला संस्थेतल्या काही ज्येष्ठांचा विरोध होता. माणूस सहा फुटांहून बराच उंच, आवाज मोठा, बेत त्याहून मोठे, आणि वेळेच्या बाबतीत सगळा आनंद. टेबलावर कागद साचलेले, भेटीला आलेली माणसे ताटकळलेली. हा दोष पुढे त्यांना महागात पडला, पण ते नंतर.

संचालक झाल्यावर त्यांनी खुर्चीत बसून राहण्याऐवजी जहाजे बाहेर काढली. १९५० ची मध्य पॅसिफिक मोहीम आणि १९५२-५३ ची 'कॅप्रिकॉर्न' मोहीम या दोन्हींवर ते स्वतः गेले. समुद्रतळावरचा गाळ कोट्यवधी वर्षे साचत आला असेल तर त्याचा थर प्रचंड जाड असायला हवा. प्रत्यक्षात तो फारच पातळ निघाला. जमिनीखालून येणारी उष्णता समुद्रतळाशी कमी असेल असा समज होता, तीही जवळजवळ खंडांइतकीच भरली. म्हणजे समुद्राचा तळ पृथ्वीच्या मानाने तरुण आहे आणि त्याखाली काहीतरी हलते आहे. खंड सरकतात हा सिद्धांत १९६० च्या दशकात सर्वमान्य झाला, त्याच्या पायातले काही दगड या मोहिमांचे आहेत.

मात्र रेव्हेल यांचे नाव आज घेतले जाते ते वेगळ्या कारणाने. कारखाने आणि आगगाड्या कोळसा जाळतात, मोटारी तेल जाळतात. त्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड समुद्र शोषून घेतो, तेव्हा काळजी नको, अशी त्या काळी बहुतेक शास्त्रज्ञांची समजूत होती. १९५७ मध्ये रेव्हेल आणि हान्स झ्यूस यांनी 'टेलस' या नियतकालिकात एक निबंध लिहून तिला धक्का दिला. मुद्दा असा. वायू समुद्रात जातो हे खरे, पण तो नुसता विरघळून बसत नाही. पाण्यातल्या कार्बोनेटशी त्याचा संयोग होतो, आणि ते कार्बोनेट काही अमर्याद नाही. परिणामी समुद्रातला एकूण कार्बन १ टक्का वाढायचा तर हवेतला कार्बन डायऑक्साइड सुमारे १० टक्के वाढावा लागतो. समुद्राचे दार उघडे आहे, पण अगदी किलकिले. या गुणोत्तराला आज 'रेव्हेल फॅक्टर' म्हणतात.

हा महत्त्वाचा भाग निबंधात शेवटी शेवटी घातला गेला. जपून ठेवलेल्या हस्तलिखितात तो तुकडा नंतर चिकटवलेला आहे, असे एका इतिहासकाराने दाखवले आहे. शिवाय इंधन जाळण्याचा वेग फारसा वाढणार नाही असे धरूनच त्यांनी हिशेब केला, त्यामुळे धोक्याचा आकडा कमीच निघाला. थोर माणसांचे सगळेच एका बैठकीत आणि बिनचूक झालेले नसते. पण माणसाच्या हातून नकळत पृथ्वीवर एक मोठा प्रयोग चालू झाला आहे आणि त्याच्या नोंदी ठेवल्या पाहिजेत, हे त्यांनी वेळेवर सांगितले.

नोंदी ठेवायच्या तर माणूस हवा. चार्ल्स डेव्हिड कीलिंग हा तरुण रसायनशास्त्रज्ञ हवेतील कार्बन डायऑक्साइड आश्चर्यकारक अचूकतेने मोजतो असे कळल्यावर रेव्हेल यांनी १९५६ मध्ये त्याला स्क्रिप्समध्ये आणले. दोघांचे मत एक नव्हते. रेव्हेल यांना जहाजांतून आणि विमानांतून जगभरचे नमुने घेऊन एकदा मोजणी करायची होती. वीस वर्षांनी पुन्हा मोजून फरक काढू, असा त्यांचा विचार. कीलिंगचा हट्ट निराळा: ठराविक जागी महागडे यंत्र बसवून अखंड मोजायचे. अमेरिकेच्या हवामान खात्याचे हॅरी वेक्सलर कीलिंगच्या बाजूने उभे राहिले आणि हवाई बेटातील मौना लोआ पर्वतावर, सुमारे ३,४०० मीटर उंचीवर, मार्च १९५८ मध्ये मोजणी सुरू झाली. पहिला आकडा ३१३ आला, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ३१३ भाग.

इथे वरिष्ठाने हाताखालच्या माणसाचे ऐकले. मला रेव्हेल यांच्या निबंधाइतकीच ही गोष्ट मोलाची वाटते. आपल्याला पटलेले नसताना, कनिष्ठाची पद्धत अधिक खर्चाची असताना, त्याला आपल्या संस्थेत जागा आणि पाठिंबा देणे किती अवघड असते हे ज्यांनी कधी 'एस्टिमेट' वर पाठवले आहे त्यांना ठाऊक आहे. रेव्हेल यांच्या पद्धतीने गेले असते तर वीस वर्षांनी दोन आकडे हाती असते. कीलिंगच्या पद्धतीने दोन वर्षांतच दिसले की उत्तर गोलार्धात झाडांना पालवी फुटते तेव्हा आकडा उतरतो, पाने गळतात तेव्हा चढतो, आणि दरवर्षी शेवट आधीच्या वर्षापेक्षा वर होतो. १९६४ मध्ये पैशाअभावी ही मोजणी काही महिने बंद पडली, तेवढा खंड त्या आलेखात आजही दिसतो. बाकी ती चालू आहे. २०२४ ची सरासरी ४२४ च्या पुढे गेली.

आता विद्यापीठाकडे येऊ. १९५० च्या दशकात कॅलिफोर्निया विद्यापीठाला नव्या शाखा काढायच्या होत्या. रेव्हेल यांचा आग्रह असा की ला होयाला, स्क्रिप्सच्या वरच्या टेकाडावर, एक पूर्ण विद्यापीठ व्हावे. तेही उलट्या क्रमाने. साधारण रीत म्हणजे आधी पदवीचे वर्ग, मग पदव्युत्तर, मग जमल्यास संशोधन. यांचे म्हणणे, आधी जगातले उत्तम संशोधक आणू, त्यांच्यामागे चांगले विद्यार्थी येतील, आणि पदवीचे वर्ग शेवटी. कळस आधी आणि पाया नंतर, असे हे बांधकाम. आम्हा बांधकामवाल्यांना हे चमत्कारिक वाटते, पण इमारत माणसांची होती, विटांची नव्हे.

माणसे जमवण्याची त्यांची हातोटी विलक्षण होती. रसायनशास्त्राचे नोबेल १९३४ मध्येच मिळालेले हॅरल्ड यूरी १९५८ मध्ये शिकागोत निवृत्तीच्या वयाला पोचले होते. रेव्हेल यांनी त्यांना ला होयाला आणले. यूरी आहेत म्हटल्यावर इतरांना यायला कारण मिळाले. मारिया गेपर्ट-मायर यांची गोष्ट तर मुद्दाम सांगण्यासारखी आहे. पती प्राध्यापक असल्याने, नवरा-बायको दोघांना नोकरी नाही या नियमाखाली या बाईंनी अनेक वर्षे वेगवेगळ्या विद्यापीठांत बिनपगारी संशोधन केले. १९६० मध्ये ला होयाच्या नव्या विद्यापीठाने पतीबरोबर त्यांनाही पूर्ण पगाराचे प्राध्यापकपद दिले. १९६३ मध्ये त्यांना भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. मेरी क्युरींनंतर हा मान मिळवणाऱ्या त्या दुसऱ्या स्त्री.

पण माणसे आणायची तर त्यांना राहायला घरे हवीत, आणि येथे एक विषारी अडचण होती. ला होया ही धनिकांची वस्ती. तेथे ज्यू लोकांना घर विकायचे नाही असा रिवाज होता. १९४८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वंशावरून घर नाकारणाऱ्या करारांना न्यायालयात थारा मिळणार नाही असे ठरवले होते, तरी घरांचे दलाल तोंडी संकेताने तीच प्रथा पाळत. परमुलखात भाड्याचे घर शोधताना 'तुम्ही लोक कुठले?' हा प्रश्न आपल्यापैकी अनेकांनी ऐकला आहे, तेव्हा यातली बोच वेगळी समजावून सांगायला नको. रेव्हेल यांनी गावाला सरळ बजावले की ज्यूंना बंदी आणि विद्यापीठ या दोन्ही गोष्टी एकत्र मिळणार नाहीत, एक निवडा. त्याआधीच स्क्रिप्सच्या मंडळींनी एकत्र येऊन जमीन घेऊन स्वतःची वसाहत उभी केली होती, जेथे असले निर्बंध नव्हते. गावाने अखेर विद्यापीठ निवडले. सॅन डिएगोच्या मतदारांनी शहराच्या मालकीची जमीन विद्यापीठाला देण्यास मतदानाने मान्यता दिली.

या भांडणात आणि जागेच्या वादात शत्रूही जमा झाले. विद्यापीठाच्या नियामक मंडळावर एडविन पॉली नावाचे एक धनाढ्य तेलव्यावसायिक होते. जवळच्या मिरामार तळावरून जेट विमाने उडतात, त्यांच्या आवाजात शिकवणार कसे, असा त्यांचा ला होयाच्या जागेला आक्षेप. रेव्हेल यांनी हा आक्षेप खोडून काढताना मुलाहिजा ठेवला नाही. जागा मिळाली, पण पॉलींनी ते लक्षात ठेवले.

१९६० मध्ये सॅन डिएगोचे विद्यापीठ रीतसर स्थापन झाले. पहिले चॅन्सेलर, म्हणजे आपल्याकडचे कुलगुरू, रेव्हेलच होणार असे सगळे धरून चालले होते, त्यांनीही. १९६१ मध्ये नेमणूक झाली ती हर्बर्ट यॉर्क या भौतिकशास्त्रज्ञाची. पॉलींचा विरोध होताच, शिवाय विद्यापीठाचे अध्यक्ष क्लार्क कर यांनाही रेव्हेल यांच्या ढिल्या कारभाराची धास्ती होती.

रेव्हेल यांच्यावर लिहिणारे बहुतेक जण याला अन्याय म्हणतात. मला पूर्ण तसे वाटत नाही. विद्यापीठ उभे करायला लागणारा माणूस आणि उभे झालेले रोज चालवायला लागणारा माणूस एकच असेल असे नाही. नवी लाइन टाकणारे अधिकारी आणि ती चालवणारे अधिकारी आपण वेगळे ठेवतो, ते उगाच नव्हे. परंतु ज्या कारणांनी त्यांना डावलले त्यात ढिला कारभार हे एक आणि सरळ बोलणे हे दुसरे होते. पहिले पटते, दुसरे पटत नाही. ज्याने सरळ बोलून ज्यू प्राध्यापकांना घरे मिळवून दिली, त्याचे सरळ बोलणेच शेवटी त्याच्यावर उलटले. रेव्हेल यांना हा घाव फार लागला. १९६४ मध्ये त्यांनी स्क्रिप्स सोडले. त्याच वर्षी त्या विद्यापीठात पदवीच्या विद्यार्थ्यांची पहिली तुकडी आली. पुढच्या वर्षी तेथील पहिल्या कॉलेजला त्यांचे नाव देण्यात आले.

आपल्या उपखंडाशी त्यांचा संबंध येतो तो याच पडत्या काळात. १९६१ मध्ये पाकिस्तानात सिंधूच्या कालव्यांखालची जमीन पाणथळ आणि खारट होऊन पिकाबाहेर जात होती. अध्यक्ष केनेडींनी नेमलेल्या तज्ज्ञमंडळाचे प्रमुखपद रेव्हेल यांना मिळाले. नलिका-विहिरींनी पाणी उपसून भूजलाची पातळी खाली न्यावी, हा उपाय आधीही सुचलेला होता; पण लहान तुकड्यावर उपसा केला की चारी बाजूंनी पाणी परत शिरते. या मंडळाने भूमिती मांडली: तुकडा मोठा केला तर क्षेत्रफळ वर्गाच्या प्रमाणात वाढते, कड मात्र सरळ प्रमाणातच. म्हणून एकेका प्रकल्पासाठी दहा लाख एकरांच्या घरातला सलग प्रदेश घ्यावा. पावसाळ्यात यार्डात तुंबलेले पाणी काढताना ज्यांनी एकाच लाइनपुरता चर खणून पाहिला आहे, त्यांना हे लगेच पटेल. पुढे १९७५ मध्ये व्ही. लक्ष्मीनारायण यांच्यासह त्यांनी गंगेच्या खोऱ्यासाठी असाच विचार 'सायन्स' नियतकालिकात मांडला. उन्हाळ्यात भूजल भरपूर उपसून जमिनीत जागा करायची, म्हणजे पुराचे पाणी समुद्रात न जाता त्या जागेत मुरेल.

दुसरा संबंध हिंदी महासागराचा. १९५७ मध्ये सागरी संशोधनाची आंतरराष्ट्रीय समिती स्थापन झाली, तिचे पहिले अध्यक्ष रेव्हेल. सर्व महासागरांत हिंदी महासागर सर्वांत कमी अभ्यासलेला, म्हणून या समितीने त्याची संयुक्त पाहणी ठरवली. १९५९ ते १९६५ या काळात चाळीसच्या आसपास जहाजे त्यात उतरली. भारतीय नौदलाचे 'कृष्णा' जहाज होतेच. स्क्रिप्सच्या जहाजांच्या मोहिमेचे नाव 'लुसियाड' होते. ज्या पोर्तुगीज काव्यावरून ते घेतले त्याचा कवी कामोंइश सोळाव्या शतकात गोव्यात राहून गेला होता. या पाहणीतून भारताला काय मिळाले? १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली. डॉ. एन. के. पणिक्कर तिचे पहिले संचालक. गोव्याला सहलीला गेलेल्यांनी दोना पावलाच्या टेकडीवर ही संस्था पाहिली असेल.

आणि तिसरा संबंध कोठारी आयोगाचा. रेव्हेल तेव्हा हार्वर्डच्या लोकसंख्या अभ्यासकेंद्राचे संचालक होते. ब्रिटन, फ्रान्स, रशिया आणि जपान येथूनही एकेक तज्ज्ञ बोलावला होता. ऑक्टोबर १९६४ मध्ये सुरू झालेल्या आयोगाचा अहवाल २९ जून १९६६ रोजी सादर झाला. अहवाल सर्वांचा, त्यातील अमुक ओळ अमुक सभासदाची असे म्हणणे बरोबर नाही. तरी त्यातील एका शिफारशीपाशी मी थबकलो. देशातील पाच-सहा विद्यापीठे निवडून त्यांना संशोधनात जागतिक दर्जाला न्यावे, तेथे उत्तमातले उत्तम प्राध्यापक एकत्र आणावेत, असे आयोग म्हणतो. ला होयाच्या टेकाडावर काय घडले ते वाचल्यावर ही शिफारस ओळखीची वाटते. सगळ्यांना सारखे न देता मोजक्यांना जास्त का, असा विरोध झाला आणि ती बारगळली. आकृतिबंधाचे आकडे मात्र आपण उचलले.

हार्वर्डमध्ये रेव्हेल यांच्या वर्गात अल गोर नावाचा एक विद्यार्थी होता. कीलिंगचा आलेख त्याने तेथे पहिल्यांदा पाहिला आणि पुढे उपाध्यक्षपदापर्यंत जाऊनही तो त्याला विसरला नाही. २००७ चे शांततेचे नोबेल गोर आणि हवामानबदलावरील आंतरशासकीय समिती यांना विभागून मिळाले. समितीच्या वतीने ते स्वीकारणारे राजेंद्र पचौरी यांनी आपल्या नोकरीची सुरुवात वाराणसीच्या डिझेल लोकोमोटिव्ह वर्क्समध्ये केली होती, हे आपल्या रेल्वेच्या मंडळींपैकी किती जणांना ठाऊक आहे कोण जाणे.

१९७० च्या दशकाच्या मध्यात रेव्हेल परत सॅन डिएगोला आले, ते साधे प्राध्यापक म्हणून, आपण जमवलेल्या माणसांत. १९९० मध्ये राष्ट्रीय विज्ञान पदक मिळाले, १५ जुलै १९९१ रोजी ते गेले. स्क्रिप्सच्या एका संशोधन जहाजाला १९९६ मध्ये त्यांचे नाव मिळाले. २०१५ च्या पावसाळ्यात ते 'रॉजर रेव्हेल' जहाज बंगालच्या उपसागरात होते आणि आपले 'सागर निधी' त्याच मोहिमेत सोबत. गंगा-ब्रह्मपुत्रेचे गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर किती जाडीचा थर धरते आणि त्याचा मान्सूनवर काय परिणाम होतो, याची मोजणी तेव्हा चालली होती.